मडक्यावरची कुस्ती

ही फजिती मीच सांगून टाकते, नाहीतर माझी नात सना तिखटमीठ लावून सांगेल.

मुलाकडे सौदीत, अल-उलाला राहायला आले होते. इथे हजारो वर्षांपूर्वी नबाती लोक राहायचे. जमीन उकरली की त्यांची स्वयंपाकाची मडकी निघतात म्हणे. आमची शेजारीण उम्म खालिद तश्शीच मडकी घडवायला शिकलेली. एका सकाळी तसलं एक मडकं घेऊन दारात उभी. पापडासारखं पातळ, अंगावर बारीक वळ्या, दोन इवलेसे कान आणि आत वाफाळता मटणभात. तिला हिंदी येईना, मला अरबी. अरबी येणारी सना शाळेत. दोघी नुसत्या हसलो.

आता मला सांगा, शेजारणीचं भांडं कुणी रिकामं परत करतं का? मी मडकं घासलं आणि वाफवलेल्या गोड सांदणांनी भरून नेऊन दिलं. तिचा चेहरा जरा उतरला. मला वाटलं, माझी सांदणं बघून दबली.

दुसऱ्या दिवशी मडकं हजर. आत तुपातले खजूर. बाई हटणारी नव्हती. मी कोलंबीचा पुलाव भरला. तिने अख्खी कोंबडी पाठवली.

"दादी, ये क्या कुश्ती चल रही है?" सना म्हणाली.

"रत्नागिरीची अब्रू पणाला लागलीय. हसतेस काय? नारळ खवण."

मग मी खापरोळ्या केल्या, वर नारळाचा गोड रस. दिलं भरून. आणि मडकं परत आलंच नाही. सगळ्या बिल्डिंगला सांगितलं, बाईने हात टेकले.

पुढच्या जुम्म्याला उम्म खालिद चहाला आली. सना घरात होती, म्हणून पहिल्यांदाच बोलणं झालं.

"दादी, मटका आपके लिए गिफ्ट था. इन्होंने अपने हाथ से बनाया. आप लौटाती रहीं, तो इन्हें लगा पसंद नहीं आया. इसलिए हर बार और अच्छा खाना भरकर भेजा. आख़िर में रूठकर ननद को दे दिया."

घ्या. आणि मी कुस्ती खेळत बसले होते! उठले, तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. ती हसली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

आठवड्याने ती नवं मडकं घेऊन आली. मी आत डोकावले.

"रिकामंच दिलंय गं," मी सनाला हळूच म्हटलं. "ही कसली रीत?"

सनाने ते तिला सांगितलंच. उम्म खालिद काहीतरी पुटपुटली आणि सना हसून लोळायची बाकी राहिली. "दादी, बोल रही हैं, जानबूझकर ख़ाली लाई हूँ. भरा होता तो आप फिर लौटा देतीं."

सना अजून म्हणते, दादी, आप हार गईं. हरले? मग मडकं कुणाच्या चुलीवर आहे, ते बघा की.