तेलबी आणि तेल बी

मी वीस-बावीस वर्षं शाळेत मराठी शिकवतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर गोष्ट रंगात आली की बायको ते मधेच सांगते, आणि तिच्या तोंडून ते जास्त लागतं.

आमच्याकडं एक जर्सी गाय आहे. गाय बायकोची. कालवड होती तेव्हापासून तिनं वाढवलेली; माझ्याकडं फक्त शेण काढायचं खातं. पहिल्या वेताला या गाईनं आम्हाला रडवलं होतं. वासरू झालं, पण त्यामागून पडायचा तो जार काही पडेना. मग ताप आला, गर्भपिशवीत पू झाला, गाईनं चारा सोडला. जीव वाचला, दूध मात्र आटलं. तेव्हा बायको म्हणाली होती, "पुढच्या बारीला असं झालं तर मंग मी गाय न्हाई ठेवायची. हिचे हाल बघवत न्हाईत मला." ती असं सहसा बोलत नाही. म्हणून दुसऱ्या वेताला महिना राहिला तेव्हा मी शाळेच्या पटांगणातून जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर तरुण. पुण्याकडून नवीनच भोकरदनला आलेले, बोलणं अगदी छापील. त्यांनी मला नीट समजावलं.

"गाय व्यायली की आतून थोडी सूज येतेच, आणि ती गरजेचीही असते. पण वेळेवर ओसरली नाही तर ताप येतो, दूध घटतं. खाण्यातल्या तेलाचाही त्यावर परिणाम होतो. सरकीतलं तेल एका जातीचं, जवसातलं दुसऱ्या जातीचं. जवसामुळं सूज ओसरायला मदत होते असं दिसतं. खात्री देत नाही मी. सरकी पेंड कमी करा. जवस मिळतं ना तुमच्याकडं? तेलबी द्या रोज, वाटीभर..."

पुढं ते "भरडून" म्हणाले असणार, पण तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली.

मी ऐकलं, "तेल बी द्या." मला उलट बरं वाटलं. चार महिन्यांत माणूस आपल्यासारखं बोलायला लागला. वर्गात पोरांनी "सुद्धा"च्या जागी "बी" लिहिलं की मी लाल रेघ ओढतो. डॉक्टरांना मात्र मनातल्या मनात पैकीच्या पैकी देऊन टाकले.

त्याच आठवड्यात बायको भाचीच्या लग्नाला तीर्थपुरीला गेली आणि गाय चार दिवस माझ्या ताब्यात आली. मी भोकरदनच्या घाण्यावरून जवसाचं तेल आणलं. खुराकाच्या भरड्यावर वाटीभर सकाळी, वाटीभर संध्याकाळी. डॉक्टरांनी एकच वाटी सांगितलेली, पण कंजुषी कशाला. भरडा असा चमकत होता की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवशी गाईनं गव्हाणीकडं पाठ फिरवली. शेण पातळ झालं. मी ते पटापट उचलून, धुऊन पुरावा नष्ट करत राहिलो.

चौथ्या दिवशी बायको आली. माझ्याकडं बघायच्या आधी तिनं शेणाकडं बघितलं. हातातली पिशवी हातातच.

"काय घातलं हिला?"

"डॉक्टरांनी सांगितलं तेच."

"काय सांगितलं डॉक्टरांनी?"

"तेल."

पिशवी खाली ठेवून तिनं स्वतः फोन लावला. तासाभरात डॉक्टर मोटारसायकलवर हजर. त्यांनी गाईच्या कुशीवर मूठ दाबली, कान लावला, मग माझ्याकडं बघितलं.

"तेल? अहो सर, मी तेलबी म्हणालो होतो. बी. दाणा."

"मी बी तेच ऐकलं," मी म्हणालो, आणि जीभ चावली.

"डॉक्टरसाहेब," बायको शांतपणे म्हणाली, "हे मराठी शिकवतेत बरं का, शाळेत."

डॉक्टर बॅगेत काहीतरी शोधायला लागले. बराच वेळ सापडेना त्यांना. मग वर न बघताच म्हणाले, की मोकळं तेल पोटात चाऱ्याला चिकटतं, चारा पचवणारे जंतू त्यात मरतात. भरडलेल्या दाण्यातलं तेल हळूहळू सुटतं. तेल बंद, दोन दिवस नुसता कडबा.

ते दोन दिवस बायको माझ्याशी बोलली नाही. गाईशी मात्र बोलत होती, आणि विषय मीच होतो. तिसऱ्या दिवशी गाईनं रवंथ सुरू केला. पुढचे तीन आठवडे भरडलेलं जवस बायकोच्या हातानं, मोजून. मला गोठ्यात वाटी आणायची बंदी.

रविवारी सकाळी गाय व्यायली. कालवड झाली, पण आमचं दोघांचं लक्ष मागंच. डॉक्टरांनी बजावलं होतं, जार ओढायचा नाही, वाट बघायची. मी गोठ्याच्या दारात उत्तरपत्रिका घेऊन बसलो. एकाच पेपरला दोनदा मार्क दिले, तेही वेगवेगळे. दहा वाजले, अकरा वाजले. बायको कालवडीला चीक पाजत होती.

बाराच्या सुमाराला मागं काहीतरी धप्प झालं.

"पडला," ती म्हणाली. मग जार उलटापालटा करून बघितला, तुकडा आत राहिला नाही याची खात्री केली. "सगळा पडला."

कुत्र्यांनी उकरू नये म्हणून जार खोल पुरायचा असतो. मी फावडं घेऊन बांधाला गेलो आणि खणायला लागलो. गुडघ्याएवढं झालं, मांडीएवढं झालं.

"आवं, जार पुरायचाय," मागून आवाज आला. "हीर पाडून राह्यले का?"

मी थांबलो नाही. डोळे भरले होते, आणि खाली मान घालायला दुसरं निमित्त नव्हतं.

पुढचे दिवस ती सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावत होती. ताप चढला नाही. डॉक्टर येऊन म्हणाले, सगळं श्रेय जवसाला देऊ नका, गाय मुळात काटक आहे. मी म्हणालो, काटक आहेच, माझ्या हातून वाचली म्हणजे. त्या दुपारी बायको गोठ्यातल्या बाजेवर जरा टेकली ती संध्याकाळपर्यंत गाढ झोपली. मी कालवडीवरच्या माश्या वारत शेजारी बसून होतो, आणि गाय भराभरा गव्हाण रिकामी करत होती.