क्लिफची पहिली बिअर

मेव्हिस अॅशवर्थच्या घरात धुळीला थारा नव्हता. बेकप गावाच्या चढावरच्या त्या घरांच्या रांगेत दाराची पायरी रोज घासणाऱ्या बायका आता दोनच उरल्या होत्या, आणि त्यातली दुसरी मेव्हिसच्या धाकाने घासत होती. नळाची तोटी, कोळशाची बादली, शेजारच्या स्टॅनची मान, जे दिसेल ते पुसावं असं तिला वाटे. स्टॅनची मान तिने कधी पुसली नाही, पण एकदा फडकं हातात घेऊन त्याच्याशी बोलताना ती तिकडे फार वेळ बघत राहिली होती, असं स्टॅन सगळ्यांना सांगायचा.

ती आणि तिचा नवरा क्लिफ, दोघेही खालच्या स्लिपरच्या कारखान्यात. ती शिलाईच्या मशीनवर, तो चामडं कापायला. कापणाऱ्यांत क्लिफचा हात नावाजलेला होता. चामड्यावर नुसती नजर फिरवून तो सुरी अशी लावायचा की टाकाऊ तुकडा मुठीत मावावा. मग कारखाना बंद पडला. मेव्हिसला शाळेत साफसफाईचं काम मिळालं, आणि क्लिफला खिडकीजवळची खुर्ची. सकाळी ती निघताना तो गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला असायचा, परत यायची तेव्हाही तसाच. चहाचा कप मात्र धुऊन पालथा घातलेला असे, आणि तो बघून तिला जास्तच भडभडून येई.

त्या नाताळात लेकीने लीड्सहून बापाला घरी बिअर करायचा संच पाठवला. माल्टच्या घट्ट पाकाचा डबा, यीस्टची पुडी, झाकणाची मोठी बादली आणि बिअर कितपत झाली ते आकड्यात दाखवणारी एक तरंगती काचेची नळी. मेव्हिसने नाक मुरडलं. पण क्लिफने सूचनांचा कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. त्याने कित्येक महिन्यांत काही वाचलं नव्हतं, म्हणून ती गप्प बसली.

पाकात पाणी आणि यीस्ट घातल्यावर बादलीला ऊब हवी, म्हणून ती बादली गेली गरम पाण्याच्या टाकीजवळच्या कपाटात, मेव्हिसच्या इस्त्रीच्या चादरींखाली.

"माझ्या चादरींना वास लागला तर तू आणि तुझी बादली, दोघेही अंगणात," तिने बजावलं.

"अगं, ती निमूट बसून राहील. माझ्यासारखीच," क्लिफ म्हणाला. त्यावर तिला हसू आलं नाही.

दोन दिवसांनी तो हिरवळीवर गोळे टाकायच्या खेळाच्या, बोल्सच्या क्लबातल्या मंडळींबरोबर चार दिवस ब्लॅकपूलला समुद्रावर गेला. जायला नको म्हणत होता, मेव्हिसनेच ढकलून पाठवला. त्याच दुपारी तिने कपाट उघडलं आणि किंचाळलीच. झाकणाच्या कडेने तपकिरी फेस वर येऊन सगळ्यांत खालच्या चादरीला लागला होता. ती संडासाची फरशी पुसत होती, हातातलं फडकं तसंच होतं. तिने झाकण काढलं. आत वर घाणेरडा चिकट थर, मध्येच काळपट ठिपके. बिअर उकळी आल्यासारखी फसफसते, फेस वर येतो आणि आपोआप खाली बसतो, हे तिला कुठून माहीत असणार? नासली, असंच तिला वाटलं. निदान कड तरी पुसावी म्हणून ती वाकली आणि फडकं हातातून निसटून आत पडलं. ब्लीचमध्ये बुडवलेलं, संडासाचं फडकं.

मग नेहमी करायची तेच तिने केलं. सगळं मोरीत ओतलं आणि बादली लख्ख घासली.

लख्ख रिकाम्या बादलीसमोर बसल्यावर तिला क्लिफचा चेहरा आठवला. टेकडीपलीकडे तिची आतेबहीण अॅग्नेस पब चालवायची. मेव्हिसने फोन केला, संध्याकाळी अॅग्नेसच्या नवऱ्याने व्हॅनमधून पबच्या चांगल्या बिअरचं लहान पिंप आणून दिलं, आणि दोघांनी तांब्या-तांब्याने ओतून बादली भरली.

"क्लिफला कळलं तर?" अॅग्नेसच्या नवऱ्याने विचारलं.

"तुझ्या तोंडून कळलं, तर तुला याच बादलीत बुडवीन," मेव्हिस म्हणाली.

क्लिफ परतला. त्याने नळी सोडून बघितली आणि आकडा बरोबर आला म्हणून लहान पोरासारखा खूश झाला. बाटल्यांत चिमूट चिमूट साखर घालून त्याने बिअर भरली आणि कागदात लिहिलं होतं तेवढे आठवडे धीर धरला. मग स्टॅनला बोलावलं. स्टॅनने एक घोट घेतला, ग्लास उजेडात धरला आणि पुन्हा घोट घेतला.

"क्लिफ लेका, ही तर पबातल्यासारखी लागते!"

मेव्हिस ओट्याकडे तोंड करून कोरडा ग्लास पुसत राहिली. मागे क्लिफ हसत होता. ते हसू तिने कारखाना बंद झाल्यापासून ऐकलं नव्हतं. आता सांगायचं? तिला वाटलं, एवढा आठवडा जाऊ दे. मग वाटलं, एवढ्या बाटल्या संपू देत. बाटल्या संपल्या आणि क्लिफने दुसरा डबा आणला.

दुसरी बिअर त्याची स्वतःची होती. ती थोडी पातळ झाली, थोडी गोडसर. पहिल्यांदा करणाऱ्या कुणाचीही होते तशी. क्लिफने घोट घेतला आणि त्याचा चेहरा उतरला.

"काहीतरी चुकलं माझं," तो म्हणाला आणि एकेक बाटली मोरीत रिकामी केली.

बिअरचं सामान विकणारा टॅटरसॉल बाजाराच्या कोपऱ्यावर होता. क्लिफ त्याच्याकडे खेपा घालू लागला. बुडबुडे थांबले म्हणजे यीस्ट मेलं का? टॅटरसॉल म्हणे, झाकण फट देत असेल, हवा तिथून जाते, नळी काय म्हणते ते बघ आणि धीर धर. यीस्ट घातलं तेव्हा पाणी फार गरम होतं का? असेल, पुढच्या वेळी बोट घालून बघ, कोमटाहून जास्त नको. पातळ का लागते? साधी साखर कमी कर, माल्ट जास्त घाल. ब्लीचने धुतलेल्या बाटल्या खळखळून विसळ. क्लिफ सगळं ऐके आणि सगळं करी. पण ज्या दुखण्यावर तो औषध शोधत होता, ते दुखणं त्याच्या बिअरला नव्हतंच, आणि हे फक्त मेव्हिसला माहीत होतं.

त्याची बिअर सुधारत होती. तो बाहेर गेला की मेव्हिस चोरून एक बाटली उघडून घोटभर चाखायची. चौथ्या खेपेची तर इतकी छान झाली होती की तिने अख्खा ग्लास संपवला आणि बाटली राखेच्या डब्यात लपवली. क्लिफ आला, त्याने चाखली, डोळे मिटून आठवल्यासारखं केलं आणि मान हलवली.

"तशी नाही गं. पहिल्यासारखी नाहीच."

"छान आहे की रे!"

"तुला काय कळतंय? तू पितेस कुठे?"

आणि तो ओतू लागला. मेव्हिस दाराशी उभी राहून बघत होती. सांग, सांग, असं ती स्वतःला म्हणत होती. शेवटच्या बाटलीशी क्लिफ म्हणाला, "हातच गेला माझा. म्हणून तर कारखान्यानेही ठेवलं नाही."

"कारखान्याने कुणालाच ठेवलं नाही, क्लिफ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा खुर्चीत होता, हात गुडघ्यांवर.

ती शाळेतून थेट टॅटरसॉलच्या दुकानात गेली.

"एक विचारायचंय," ती म्हणाली. "बिअरमध्ये फडकं पडलं तर काय करायचं?"

"कसलं फडकं?"

"संडासाचं."

टॅटरसॉलने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "तुमच्या घरी पडलं, अॅशवर्थबाई?"

"माझ्या ओळखीची एक बाई आहे."

"मग तिला सांगा, ओतून टाकायचं आणि पुन्हा सुरुवात करायची." तो काउंटरवरच्या पुड्या उगाच सारख्या करू लागला. "क्लिफने त्या पहिल्या खेपेची एक बाटली मला आणून दिली होती. तीस वर्षं हे डबे विकतोय मी. या डब्यातून तसली बिअर निघत नाही. मला वाटलं, त्याला माहीत असेल, गंमत करतोय. पण परवा तो इथे उभा राहून मला विचारत होता, माझ्या हाताला काही झालंय का, टॅटरसॉल? त्या बाईला सांगा, आता फार झालं."

मेव्हिस रडली नाही. रडण्याचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटलं. घरी येऊन कोटही न काढता ती स्वयंपाकघरात गेली. क्लिफ पाचव्या खेपेची पहिली बाटली उघडून मोरीशी उभा होता. ही खेप चौथी मुरत होती तेव्हाच भरून ठेवलेली, शेवटची. घोट घेऊन झाला होता. बाटली वाकडी झाली तसं तिने त्याचं मनगट धरलं.

"ओतू नकोस. पहिली तुझी नव्हती."

तिने सगळं सांगितलं. चादर, फडकं, अॅग्नेसचं पिंप. तो ऐकत होता. तो हसेल, निदान चिडेल तरी, अशी तिने आशा धरली होती. अॅग्नेसवर तरी चिडेल.

"म्हणजे मी ओतली ती सगळी माझी," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"आणि ती चांगली होती?"

"गेल्या खेपेची फारच चांगली होती. मी चोरून अख्खा ग्लास प्यायले."

"कधी?"

"तू ओतलीस त्याच दिवशी. तू यायच्या आधी."

"आणि मग मी ओतत होतो तेव्हा तू दारात उभी होतीस."

"हो, क्लिफ."

फडक्याबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. तिच्या हातातून त्याने मनगट सोडवलं. मग फळीवरून एक ग्लास घेतला, बाटलीतली बिअर सावकाश, फेस सांभाळत ओतली आणि उभ्या उभ्याच प्यायला, तिच्याकडे पाठ करून. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. ग्लास संपेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता.

"चांगली झालीय," तो म्हणाला.

बाटलीत अजून अर्धी होती. त्याने तीही आपल्याच ग्लासात घेतली. मेव्हिसने मागितली नाही.