पोचला म्हणून सांगितलेला निरोप

दादा आणि धाकटी यांच्यामधली म्हणून ती घरात मधली. ऑफिसातही तिचं काम असं, की तिथेही तेच नाव पडलं. कारखान्याची मागणी नोंदवणारं सॉफ्टवेअर एक भाषा बोलायचं, गोदामाचं दुसरी. मधली त्यांच्यामध्ये प्रॉक्सी, म्हणजे एक मध्यस्थ प्रोग्राम, बसवायची. प्रॉक्सी इकडचा निरोप घेऊन तिकडच्या भाषेत करून द्यायची; दोघांनाही वाटे, आपण समोरासमोरच बोलतोय. गोदामाचं सॉफ्टवेअर बंद असलं, तर प्रॉक्सी निरोप स्वतःजवळ ठेवून 'पोचला' असं कळवायची, म्हणजे काम अडत नसे. ही सोय मधलीनंच सुचवलेली.

दादानं नोकरी सोडली म्हणून बाबांनी त्याला घराबाहेर काढलं, त्याला दोन वर्षं झाली. दोघांची बोलणी मधलीतर्फे.

"त्या गाढवाला म्हणावं, अक्कल गेली ती गेली, निदान डोळे तपासून घे."

मधली फोनवर सांगायची, "बाबांना तुझ्या डोळ्यांची काळजी वाटतेय."

"असं म्हणाले?"

"साधारण."

एका सोमवारी बाबा चहा ढवळत म्हणाले, "त्याला सांग, चूक माझी होती. ये म्हणावं."

दादा त्या आठवड्यात घर बदलत होता, फोनवर खेकसत होता. असलं बोलणं घाईत नको, रविवारी निवांत सांगू, असं तिनं ठरवलं.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "सांगितलंस?"

"हो. पोचला निरोप."

"मग?"

"विचार करतोय."

बाबा रोज विचारत राहिले. गुरुवारी त्यांनी विचारलं नाही. शुक्रवारी सकाळी त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली.

दादा धावत आला. मधलीनं त्याला दवाखान्याच्या जिन्यातच गाठून निरोप सांगितला, शब्दाला शब्द.

"बाबा म्हणाले, चूक माझी?" दादा कसंनुसं हसला. "मधले, तू कायम साखर घालून सांगतेस. आज तरी नको गं."

"या वेळी नाही घातली."

"ते मला कसं कळणार?"

खोलीत बाबांनी दादाला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांच्या लेखी मुलानं बोलावणं ऐकून चार दिवस घालवले होते. मधली त्यांच्या कानाशी वाकली.

"बाबा, मी त्याला सांगितलंच नव्हतं."

मागे दादाची हालचाल थांबली. बाबांनी डोळे मिटून घेतले. रागानं की थकून, हे तिला कुणाला विचारता येईना.