दळण होईपर्यंत

कुणी काय वाचावं, कधी वाचावं आणि कुठल्या पानावर थांबावं, हे आमच्या थोरल्या मेहुण्यांइतकं ठामपणे सांगणारा माणूस मुळशी तालुक्यात दुसरा नाही. पुणे जिल्ह्यात कदाचित असेल. पण सगळा जिल्हा मी तपासलेला नाही, म्हणून तालुक्यापुरतंच लिहितो. मेहुणे म्हणजे आमच्या हिचे मोठे भाऊ. कासार आंबोलीला त्यांची पिठाची गिरणी आहे. गावाला ते दादा, म्हणून मलाही दादाच. गिरणीत शिरलं की समोर चक्की, डावीकडे डब्यांची रांग आणि उजव्या भिंतीला फळ्यांवर पुस्तकं. सुट्टीपुरते येणारे बंगलेवाले घर आवरून पुण्याला परत जाताना जी रद्दी टाकतात, तिच्यातून दादांनी ती वेचलेली आहेत. सगळ्या पुस्तकांवर पिठाचा थर असतो. नवखा माणूस पुस्तक उघडून त्यात फुंकर मारतो आणि भुवया पांढऱ्या करून घेतो. जुनं गिऱ्हाईक आधी दाराबाहेर जाऊन पुस्तक झटकतं, मग वाचायला बसतं.

दादांचा नियम एकच होता. पुस्तक गिरणीबाहेर जाणार नाही. दळण होईपर्यंत बाकावर बसा, वाचा, खूण घाला, पुढचं पुढच्या दळणाला. त्यामुळे दळण किती आहे त्यावर पुस्तक ठरायचं. छोट्या डब्याला एखादी गोष्ट. लग्नाघरचं पोतं आलं की कादंबरी. एकदा कुणीतरी वाटीभर मेतकूट दळायला आणलं, तर दादांनी त्याच्या हातात चार ओळींची कविता ठेवली आणि "दोनदा वाचा, बसंल बरुबर," असं बजावलं. कशावर काय वाचावं याचंही त्यांचं शास्त्र आहे, आणि ते पूर्णपणे चक्कीतून आलेलं आहे. "बाजरीवर लगीच गहू वतला तर पोळी काळी पडती का न्हाई? तसं रडक्या पुस्तकावर लगीच इनोदी वाचलं की दोन्ही वाया जात्यात. मधी मूठभर काहीतरी साधं घालायचं. प्रवासाचं, न्हाईतर शेतीचं." मला ते वर्षानुवर्षं प्रवासवर्णनंच देत आले. मी एका कारखान्यात हिशेब बघतो, पुस्तक हातात आलं की आधी पानं आणि किंमत बघतो, ही सवय त्यांना ठाऊक आहे. "दाजी, तुमी पुस्तक वाचत न्हाई, तपासता," हे वाक्य मी दर दिवाळीला पाटावर बसल्या बसल्या ऐकलेलं आहे.

शनिवार-रविवार बंगल्यावर येणारे एक गृहस्थ एकदा गिरणीत आले. त्यांना लेखक व्हायचं होतं. लेखकाने वाचलीच पाहिजेत अशी पुस्तकं सांगा, म्हणाले. दादांनी चक्की थांबवली आणि विचारलं, "दळण काय आणलंय?"

"दळण नाही आणलं. नुसतं विचारायला आलोय."

"मग बसणार किती येळ, ते मला कसं कळावं?"

गृहस्थ भले होते. समोरच्या दुकानातून गहू विकत घेऊन आले. दादांनी समाधानाने गहू तोलला आणि एका प्रवासवर्णनाचा दुसरा भाग काढून दिला. पहिला भाग कुठे आहे, तर तो उंदरांनी खाल्ला होता. "पयला कशाला लागतोय?" दादा म्हणाले. "माणूस घरनं निगालाय, एवढं कळतंय की." गृहस्थ पुढे लेखक झाले का ते मला माहीत नाही, पण पोळ्यांसाठी तरी ते पुन्हा पुन्हा येत राहिले. वहिनी म्हणायच्या, "गिरणी हाय का शाळा हाय, एकदा बोर्ड तरी लावा. लोकं पीठ इसरून जात्यात हितं."

आता सुवर्णाबद्दल लिहितो, कारण दादांचं नाव निघालं की गेल्या वर्षापासून मला तीच आठवते.

सुवर्णा लातूरकडची. नवरा कंपनीत कंत्राटी कामाला, म्हणून दोघं आमच्या सासरच्या गल्लीत खोली भाड्याने घेऊन राहिलेली. दोन माणसांचा संसार, तेवढं दळण महिन्यातून दोनदा पुरे. पण दादांनी तिच्या हातात एक जाड कादंबरी दिली आणि बाई रोज यायला लागली. पिशवीत मूठ-दोन मुठी ज्वारी. कादंबरी एका नावाड्याच्या घरची होती. त्या घरातली थोरली सून भांडून, काही न बोलता घर सोडून निघून जाते आणि तिच्या मागे घराचं काय होतं, ते त्यात होतं. सुवर्णा वाचताना ओठ हलवायची आणि मध्येच नावाड्याच्या आईला मोठ्याने रागवायची. दादा खूश. "असं वाचणारं माणूस आजवर आलं न्हवतं," ते मला फोनवर म्हणाले. तिची ज्वारी संपेपर्यंत दादा चक्की मुद्दाम सावकाश चालवायचे, हे वहिनींनी मला सांगितलं.

शेवटची काही प्रकरणं राहिली आणि सुवर्णाच्या नवऱ्याने घोटावड्याकडे, कंपनीच्या जवळ खोली घेतली. जायच्या दिवशी ती गिरणीत आली. या वेळी पिशवी नव्हती.

"मामा, पुस्तक देता का? वाचून पाठवते."

दादा म्हणाले, "नियम हाय, पोरी."

"मामा, शेवटच राहिलाय ओ."

"ये की मग दळण घिऊन. लांब थोडंच हाय."

लांब नव्हतं, पण दोन मुठी ज्वारीसाठी कोण गाडीभाडं घालून येईल, हे मला समजतं आणि दादांनाही समजत होतं. ती "बरं" म्हणाली आणि गेली. नंतर बरेच दिवस त्या पुस्तकातली खूण दादांनी काढली नाही. दुसरं कुणी मागितलं तर "वाचणारं माणूस हाय त्येला," असं सांगून टाळायचे. जेवताना वहिनी म्हणायच्या, "नियम कुणी घातला? तुमीच ना? मग सरकारनं केल्यासारखं काय करताय?" तिला शेवट वाचायला मिळाला पाहिजे, एवढी एकच गोष्ट दादांच्या मनाला लागून राहिली. अखेर एका रविवारी त्यांचा फोन आला. "दाजी, गाडी काढा. घोटावड्याला जायचंय."

दादा आयुष्यात पहिल्यांदा गिरणीतलं पुस्तक बाहेर नेत होते. गाडीवर माझ्या मागे बसून त्यांनी ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. पिरंगुटच्या चौकात मी ब्रेक दाबला, तर मला न धरता ते पुस्तकासकट माझ्या पाठीवर आदळले. खोली शोधायला वेळ लागला. सुवर्णा आम्हाला बघून इतकी आनंदली, की तिने आधी शेजारणीला हाक मारून सांगितलं, "आमचे मामा आलेत, गिरणीवाले!"

दादांनी पुस्तक पुढे केलं. ती हसायला लागली. "मामा, मी शेवट कधीच करून टाकला. मनानंच. भाकऱ्या थापता थापता."

"म्हंजी?"

मग ती सांगायला लागली. थोरली सून किती वर्षांनी परत येते. उन्हं उतरलेली असतात. अंगणात पाय ठेवते, तर आतून तिच्याच नावाने हाक येते. ती दचकते. एवढ्या वर्षांत विसरले नाहीत, म्हणून तिला रडू येतं. तेवढ्यात गोठ्यातून म्हैस ओरडते. तिच्या मागे घरात म्हैस घेतलेली असते, आणि घरच्यांनी तिचं नाव म्हशीला ठेवलेलं असतं.

हे सांगताना सुवर्णाने हाक मारली ती नावाड्याच्या आईच्या आवाजात. मी हिशेबाचा माणूस. पण माझ्या अंगावर काटा आला.

"मग ती घरात नाही जात," सुवर्णा म्हणाली. "आधी गोठ्यात जाते. म्हशीच्या गळ्याला हात घालते, आणि तिच्या कानात म्हणते—"

आणि इथे दादांनी हात वर केला. त्यांना राहवलं नाही. "थांब, थांब. तसं न्हाई त्यात. खरं काय हाय ते वाच आधी," असं म्हणून त्यांनी खुणेचं पान उघडून तिच्यापुढे धरलं.

सुवर्णा थांबली. पदराला हात पुसले. "हो की. माझं आपलं काहीबाही," असं म्हणून उठली आणि चहा ठेवला. पुस्तक तिने ठेवून घेतलं. आम्ही चहा प्यायलो, निघालो.

परतीच्या वाटेवर दादा या वेळी मला धरून बसले होते. मग कानाशी येऊन म्हणाले, "दाजी, पुस्तकात ती येती आन सासूच्या पाया पडती. संपलं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "म्हस न्हाई त्यात."

पुढच्या रविवारी पुन्हा गाडी काढा, असं त्यांनी मला सांगून ठेवलं. पण मुळशीत मी आलो, की हिला माहेरची कामं आठवतात. एक रविवार गेला, दुसरा गेला. आम्ही पोचलो तेव्हा खोलीला दुसऱ्यांचं कुलूप होतं. नवऱ्याचं कंत्राट संपलं आणि ती दोघं गेली, एवढं शेजारीण सांगू शकली. सुवर्णाचा नंबर दिला तिने. तो लागत नाही. पुस्तक सुवर्णाने शेजारणीजवळ ठेवलं होतं, मामा आले तर द्या म्हणून. तिने पुढची पानं वाचली की नाही, ते तिलाच माहीत.

आता नियम उरलेला नाही. हवं ते पुस्तक घरी न्या म्हणतात, आणि कुणी फारसं नेत नाही. डबा ठेवून लोक गाडीवर निघून जातात, पीठ संध्याकाळी घेतात. जे दोघं-चौघं बाकावर थांबतात, त्यांना दादा सुवर्णाची गोष्ट सांगतात. मागच्या आठवड्यात मी तिथे होतो. सून अंगणात आली, हाक आली, म्हैस ओरडली, सून गोठ्यात गेली. दादा थांबले. बाकावरची म्हातारी म्हणाली, "आगं बया! मग काय म्हनली ती म्हशीला?"

दादा डब्यावरचं पीठ झटकायला लागले. मला राहवेना. मी म्हणालो, "दादा, घाला की काहीतरी. एवढी पुस्तकं वाचलीत तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पिठाने त्यांच्या पापण्याही पांढऱ्या झाल्या होत्या.

"वाचलीत, दाजी," ते म्हणाले. "पर मला नुसतं वाचायलाच येतंय."

आणि म्हातारीचा डबा उचलून त्यांनी चक्कीत ओतला.