कडी नसलेलं दार

फिनाईलचा वास आला की मला महापुरातली ती शाळा आठवते. पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, तेव्हा मी एकटीच तिथल्या छावणीत गेले. भात, बिस्किटं, चादरी, सगळं मिळत होतं. फक्त बायकांच्या संडासाला कडी नव्हती. व्यवस्था बघणाऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "आधी जेवणाचं बघू द्या, ताई." बाकीच्या बायका जावेला, लेकीला दाराशी उभं करायच्या. माझं कुणीच नव्हतं, म्हणून मी पाणी पिणंच सोडलं. संध्याकाळी मला चक्कर आली, तशी शेजारच्या चटईवरची अनोळखी बाई उठली. "चल, मी हाय की दाराला," म्हणाली. आत गेल्यावर मला रडूच फुटलं. बाहेरून तिचा मोठा आवाज आला, "सावकाश होऊ दे, कुणी येत न्हाय." पाणी ओसरल्यावर ती तिच्या वाटेनं गेली. त्यानंतर माझ्यासाठी कुणी असं थांबल्याचं मला आठवत नाही.