आत तुमचं काम काय?

रूथताई वेबसाइट बंद करण्याआधी खुर्चीवरून उठत. वास्तविक हे काम बसल्या जागी होणारे. तरी त्या आधी संपूर्ण कार्यालयात एक फेरी मारत आणि प्रत्येक टेबलापाशी थांबून एकच प्रश्न विचारत, “साइट मेंटेनन्सला टाकतेय. आत तुमचं काम काय?” काम पटले तर त्या माणसाला प्रवेश मिळे. न पटल्यास जगाला दिसे तोच बोर्ड त्यालाही दिसे: दुरुस्ती सुरू आहे. क्रीडा पान बघणारा सहकारी एकदा म्हणाला, “काम असं नाही, पण आत काय चाललंय ते बघितलं असतं.” त्यावर त्या म्हणाल्या, “रंगकाम चाललेल्या घरात पाहुणे नको असतात. रंग वाळला की या, चहा देते.”

आमच्या दैनिकाचे कार्यालय नगरला, सावेडीत. मी तिथे वृत्तसंपादक होतो आणि दैनिकाची वेबसाइट रूथताईंकडे होती. त्या भिंगारच्या. वडील चर्चच्या शाळेत शिक्षक, आजोळ जामखेड तालुक्यातले. संगणकाचे शिक्षण पुण्यात झालेले. एरवी बोलणे शाळेच्या पुस्तकासारखे नीट; राग आला की मात्र आजोळची भाषा बाहेर पडे. ‘व्हय’ ऐकू आले की डेस्कवरची माणसे माना खाली घालून कामाला लागत.

सुरुवातीला त्यांची पद्धत वेगळी होती. कार्यालयाच्या इंटरनेट जोडणीला जो पत्ता असतो, त्या पत्त्यावरून येणाऱ्या सर्वांना त्या आत घेत. एका दुपारी साइट अशी दुरुस्तीला लावलेली असताना सावेडीतली वीज गेली. ती परत आली तेव्हा आमच्या जोडणीला नवाच पत्ता मिळालेला होता. साइटने सगळ्या कार्यालयाला परके ठरवले. त्यात रूथताईही होत्या.

“ताई, किल्ली शेजारी देऊन ठेवायची असते,” डेस्कवरून कोणीतरी म्हणाले.

“हसा. माझ्याच घराबाहेर चपला घालून उभी आहे मी.”

ज्या कंपनीच्या सर्व्हरवर साइट होती, तिला फोन करून त्यांनी दार उघडून घेतले आणि त्याच दिवशी नियम बदलला. परवानगी जागेला नाही, माणसाला. ज्याचे काम असेल त्याला स्वतःच्या नावाने आत यायचे. त्यामुळे आमचे जामखेडचे वार्ताहर अंकुशराव चहाच्या टपरीवर बसून मोबाईलवरून आत असत, आणि केबिनमध्ये बसलेले मालक बाहेर असत. मालकांना याची कल्पना नव्हती. ती मोजणीच्या दिवशी आली.

जिल्हा परिषदेची मतमोजणी सुरू होती. वेबसाइटवर वर्षभरात जेवढे वाचक येत नाहीत, तेवढे अशा दिवशी सकाळीच येतात. जामखेड तालुक्यातल्या एका गटात एकाच नावाचे दोन उमेदवार उभे होते. त्यातला एक खरा दावेदार, निशाणी छत्री. दुसरा त्याची मते फोडण्यासाठी विरोधकांनी शोधून आणलेला, निशाणी शिट्टी. आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. पण रूथताईंनी तयार केलेला तक्ता उमेदवाराला नावाने ओळखत होता. त्याने दोघांची मते एकत्र केली. विरोधकांनी खटपट करून फोडलेली मते आमच्या साइटने पुन्हा जोडून दिली आणि छत्रीवाला विजयाच्या उंबरठ्यावर दिसू लागला. प्रत्यक्षात कपबशी निशाणीवरच्या बाई पुढे होत्या.

मतमोजणी केंद्रावरून अंकुशरावांचा फोन आला. रूथताईंनी तो सर्वांना ऐकू येईल असा लावला.

“ताई, घोळ झालाय. हितं फळ्यावर कपबशी फुडं हाय. अन् छत्रीवाल्याची मानसं आपली साइट बघून गुलाल घिऊन फाटकापाशी आल्यात. कपबशीवाले बी जमाया लागलेत. लई गरम हाय वातावरण.”

त्यांनी तक्ता उघडला. काय झाले ते समजायला त्यांना वेळ लागला नाही. “चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी फेरी मारली नाही. उभ्या राहून खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, “निकालाचा डेस्क, अंकुश आणि मी. बाकी सगळे बाहेर.” साइटवर बोर्ड लागला. त्यावरचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला होता: ‘सारख्या नावाच्या दोन उमेदवारांची मते आमच्याकडून एकत्र दाखवली गेली. चूक आमची आहे. दुरुस्ती सुरू आहे. तोपर्यंत मतमोजणी केंद्रावरील फलकावरचा आकडाच ग्राह्य धरावा.’

“अंकुश, फाटकापाशी जा. त्या लोकांना हा बोर्ड दाखव. चूक पेपरची आहे म्हणावं. माझं नाव सांग.”

“मार खायाला लावता का काय मला?”

“आधी बोर्ड दाखव, मग आकडे तपास. मार सवडीनं खा.”

तोवर मालक केबिनमधून बाहेर आले होते. त्यांना आम्ही भाऊ म्हणत असू. हातात मोबाईल, त्यावर बोर्ड.

“बंद केली? आज?”

“वाचकांसाठी बंद आहे, भाऊ. आत काम चालू आहे.”

“मग मला का दिसत नाही?”

रूथताईंनी मान वर केली. “आत तुमचं काम काय?”

डेस्कवरचे टायपिंग थांबले.

“पेपर माझा आहे, रूथ.”

“व्हय. म्हणून तर बंद केलाय.”

भाऊंचा चेहरा लाल झाला. बाकीच्यांच्या साइट सुरू आहेत, आपले वाचक तिकडे चालले आहेत, असे ते म्हणाले. तिथे आकडा बरोबर असेल तर जाऊ द्या, असे उत्तर आले. शेवटी भाऊंनी आवाज चढवला. “आत्ता उघड. बाकीचे गट तरी दाखव. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

“उद्याचं उद्या बघू. हा तक्ता सगळ्या गटांना एकच आहे. असा घोळ आणखी कुठं झालाय का, हे मला अजून माहीत नाही. माहीत नसलेलं मी छापणार नाही.”

हे वाक्य वृत्तसंपादक म्हणून मी म्हणायला हवे होते, असे नाही. चूक जिथे झाली त्याच टेबलावरून ते आले, हेच योग्य होते. भाऊ स्वागतकक्षात गेले आणि पाहुण्यांच्या बाकावर बसले.

रूथताईंनी तक्त्यातली नावाची ओळख काढून टाकली आणि मतपत्रिकेवरचा क्रमांक घातला. मग अंकुशरावांना फोन लावला. “नावं घेऊ नकोस. निशाणी सांग आणि तुला साइटच्या आत काय दिसतंय ते सांग.”

“छत्री जुळली. शिट्टी निराळी दिसतीया आता. कपबशी जुळली.”

“फाटकावर काय?”

“गुलालाच्या पिशव्या टेम्पोत गेल्या माघारी. बोर्ड वाचला त्यांनी. दोघंचौघं शिव्या देऊन गेले. तुमाला, मला न्हाई.”

“चालतंय.”

डेस्कने उरलेले गट एकेक करून ताडून पाहिले. सगळे जुळल्यावरच रूथताईंनी साइट उघडली. मग उठून स्वागतकक्षाच्या दाराशी गेल्या. “भाऊ, आता बघा.”

भाऊंनी बाकावरूनच मोबाईल उघडला, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “तो बोर्डवरचा मजकूर कुठाय? पुसला नाहीस ना?” दुसऱ्या दिवशी तोच मजकूर, एकही शब्द न बदलता, आमच्या पहिल्या पानावर होता. तो तिथे घ्यावा असे भाऊंनीच सांगितले होते. आपल्या चुकीची बातमी सर्वांत आधी आपणच दिली, याचा त्या सकाळी कार्यालयात सर्वांना अभिमान वाटत होता.

गेल्या वर्षी रूथताई संगमनेरच्या एका महाविद्यालयात शिकवायला गेल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी साइट नव्या सर्व्हरवर हलवण्यासाठी मेंटेनन्सला टाकली. नेहमीप्रमाणे फेरी मारली, नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांच्या जागी आलेल्या सहकाऱ्याला सगळे समजावून झाल्यावर त्यांनी परवानगी असलेल्या नावांतून स्वतःचे नाव काढले.

“ताई, तुमचं राहू द्या की,” मी म्हणालो. “अडलं तर लागेल.”

“अडलं तर फोन करा. पण आत माझं काम काय?”

दुसऱ्या दिवशी काम अजून सुरू असतानाच संगमनेरहून त्यांचा फोन आला. काही विसरले असेल असे वाटले.

“साइट उघडून बघितली,” त्या म्हणाल्या. “मला बोर्ड दिसला.”

“मग?”

“मग काही नाही. बरोबर चाललंय तुमचं.”