वीस थेंबांपर्यंत चालेल

कारखान्यात तिला सगळे थेंबमावशी म्हणत. एकवीस वर्षं तिचं काम एकच: बंद व्हॉल्व्हच्या एका बाजूने पाण्याचा दाब द्यायचा, दुसऱ्या बाजूला स्टूल टाकून बसायचं आणि मिनिटाला किती थेंब गळतात ते मोजायचं. हे व्हॉल्व्ह खाणीतल्या रेताड गाळासाठीचे. रेती पोलादालाही कुरतडते, थोडं गळणारच, हे धरून नियम केलेला: वीस थेंबांपर्यंत चालेल. तिचा मुलगा त्याच खाणीत फिटर. असाच व्हॉल्व्ह बंद करून तो पलीकडचा पंप दुरुस्तीसाठी उघडायचा आणि आत खांद्यापर्यंत हात घालायचा. म्हणून एकविसाव्या थेंबाला मावशी सख्ख्या भावाचंही ऐकत नसे.

नवे मॅनेजर आले आणि भिंतीवर पाटी लागली: 'एकही थेंब नको.' आठवड्याभरात मावशीसमोर आलेला व्हॉल्व्ह खरंच ठणठणीत कोरडा. तिने दहा मिनिटं वाट पाहिली आणि नापासाचा शिक्का मारला.

मॅनेजर तरातरा आले. "मावशी, गळत नाही म्हणून नापास?"

"इतका गुणी व्हॉल्व्ह मी जन्मात पाहिला नाही, साहेब. आत ग्रीस थापलं असणार. गाळ आला की धुऊन जाईल."

"पुरावा?"

"पन्नास वेळा उघडझाप करू."

बातमी पसरली. विक्रीवाले, खरेदीवाले आपापली स्टुलं घेऊन आले आणि थेंब झेलायच्या काचेच्या भांड्याभोवती श्वास रोखून बसले. तिसाव्या उघडझापीला विक्रीवाल्याच्या नाकावरचा घाम भांड्यात पडला.

"हा धरायचा नाही," मॅनेजर म्हणाले.

"मला माझे थेंब ओळखू येतात," मावशी म्हणाली.

एक्केचाळिसाव्या वेळी ग्रीसचा पिवळा गोळा पचकन बाहेर आला. मागोमाग टपटप. मिनिटाला त्रेसष्ट.

मग मॅनेजरांनी हळूच विचारलं, "त्यातले पहिले वीस तर चालतात ना?"

"चालतात की. उरलेले त्रेचाळीस चालू असताना पंपात हात तुम्ही घाला."

झडप घट्ट बसावी म्हणून व्हॉल्व्ह पुन्हा घासायला गेला. आठ दिवसांनी मुलाचा फोन आला. "आई, आमचं काम अडलंय. तुमच्याकडे कोणी म्हातारी व्हॉल्व्ह धरून बसलीय म्हणे."

"बसू दे. तोवर तू हात खिशात ठेव."